आडवाटेवरची स्मिता पाटील

स्मिता पाटील गेली तेव्हा ती अवघी ३१ वर्षांची होती. जन्म १७ ऑक्टोबर १९५५, मृत्यू १३ डिसेंबर १९८६. जेमतेम बारा वर्षांच्या कारकिर्दीत तिने ऐंशीच्या आसपास चित्रपट केले. त्यांतले आपल्या तोंडी असतात ते सहा-सात : ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’, ‘चक्र’, ‘उंबरठा’, ‘अर्थ’, ‘मिर्च मसाला’. दरवर्षी ऑक्टोबरात आणि डिसेंबरात तिच्यावर लेख छापून येतात, त्यांत याच नावांची उजळणी होते. बाकीच्या साठ-सत्तर चित्रपटांचं काय? विद्यार्थ्यांसाठी, मुलांसाठी, परभाषेत, दूरदर्शनसाठी आणि निव्वळ गल्ल्यासाठी तिने जे केलं, त्याची नोंद कुणी ठेवायची? या लेखात आढावा घ्यायचा आहे तो या विस्मृतीत गेलेल्या, चमत्कारिक वाटणाऱ्या, कधी नाक मुरडून बाजूला सारलेल्या कामांचा. ती वगळली तर स्मिता पाटील आपल्याला अर्धीच कळते, असं माझं ठाम मत आहे.

हे मत चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडमध्ये बसून मांडण्याला कारण आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत नटाकडे पाहण्याची रीत वेगळी आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी होते, गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट लागतात आणि त्यांच्या जोडीने नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचं मुख्य ठाणं. दसऱ्याच्या सुमारास तिथे नाट्यमंडळांच्या कचेऱ्या उघडतात आणि गावोगावची माणसं नाटक ठरवायला येतात. प्रयोग रात्री सुरू होतो तो उजाडेपर्यंत. एकच नट एका गावी सज्जन मास्तर असतो, दुसऱ्या गावी खुनशी सावकार आणि तिसऱ्या गावी हसवून मुरकुंडी वळवणारा नोकर. नाटकात रडारड असते, लावणी असते, हुंड्यावर आणि दारूवर भाषणही असतं. प्रेक्षक त्याची वाटणी करत नाहीत. अमुक काम कलेचं आणि तमुक पोटाचं, असा भेद इथे कुणी मनात आणत नाही. काम चोख झालं की नाही, एवढंच पाहिलं जातं. स्मिता पाटीलच्या बाबतीत शहरी समीक्षेने जी वाटणी केली, ती या नजरेने तपासून पाहण्यासारखी आहे.

बातम्या आणि एक लघुपट

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याच्या पहिल्या काही वर्षांत मराठी बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील होती. तेव्हा ती विशीतही पुरती आलेली नव्हती. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण तिच्या बरोबरीच्या लोकांनी वारंवार सांगितली आहे. पडद्यावर फक्त कमरेच्या वरचा भाग दिसायचा, त्यामुळे ते खपून जाई. चित्रपटाआधी हा चेहरा हजारो घरांत रोज संध्याकाळी पोचत होता. श्याम बेनेगल यांचे ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांच्या ओळखीतून ती बेनेगलांपर्यंत पोचली आणि पुढचा इतिहास घडला.

त्या बातम्या थेट प्रक्षेपित होत. चित्रफीत महाग होती, एकच फीत पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. म्हणून एका थोर अभिनेत्रीचं कॅमेऱ्यासमोरचं पहिलं नियमित काम हवेत विरून गेलं. तरी त्याचा माग तिच्या पुढच्या कामात लागतो. बातमी वाचणाऱ्याला हातवारे करता येत नाहीत, मान हलवता येत नाही. जे पोचवायचं ते डोळ्यांनी आणि आवाजाच्या पट्टीने पोचवावं लागतं. तिच्या अभिनयातलं ते स्थिर पाहणं, समोरच्याच्या नजरेला नजर भिडवून क्षणभर थांबणं, याची तालीम त्या छोट्या स्टुडिओत झाली असावी, असं मानायला जागा आहे.

चित्रपटाच्या फितीवर ती पहिल्यांदा आली ती अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या लघुपटात. १९७४ साली पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये खोपकरांनी तो पदविकेसाठी केला. पुढे हेच खोपकर मराठीतले चित्रपटविषयक लेखनाचे अग्रणी झाले. ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ त्यांचंच, आणि ‘चलत्-चित्रव्यूह’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठीची ही भूमिका कुणी तिच्या खात्यावर मांडत नाही. पण एक तरुण दिग्दर्शक आणि एक तरुण मुलगी आपापलं माध्यम चाचपडत शिकत असतानाचा हा दस्तऐवज आहे. नट कसा घडतो हे पाहायचं असेल तर त्याची सुरुवातीची वही उघडावी लागते.

‘चरणदास चोर’ : आपल्या शेजारच्या गावातली राणी

या सगळ्या यादीत झाडीपट्टीला सर्वांत जवळचा चित्रपट आहे बेनेगलांचा ‘चरणदास चोर’. १९७५ साली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी केलेला हा कृष्णधवल चित्रपट छत्तीसगडात चित्रित झाला. कॅमेरा गोविंद निहलानींचा. गोष्ट विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथेवरची, पण तिला अंगडं-टोपडं चढवलं ते रायपूरच्या हबीब तनवीर यांनी आणि त्यांच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातल्या कलावंतांनी. नागभीडहून गोंदियाची गाडी धरली आणि पुढे डोंगरगड, राजनांदगाव गाठलं की नाचाचा मुलूख सुरू होतो. धानाची तीच शेती, तळ्यांची तीच गावं. आपल्याकडे दंडार आणि खडीगंमत, तिकडे नाचा. दोन्हीकडे शेतकरी-मजूरच रात्री नट होतात, बाईचं काम पूर्वी पुरुषच करत, सोंगाड्या राजाला चिमटे काढतो आणि वादक प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर बसलेले असतात.

गोष्ट थोडक्यात अशी. चरणदास हा चोर गुरूसमोर गमतीगमतीत नवस बोलतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. एका चोराच्या नशिबी हे येणार तरी कसं, या खात्रीने तो बोलून जातो. गुरू आपल्याकडून एक अट घालतो : खोटं बोलायचं नाही. पुढे एकेक करून या सगळ्या गोष्टी त्याच्यापुढे चालून येतात आणि तो दिलेल्या शब्दाला जागत जातो. शेवटी राणी त्याला लग्नाची मागणी घालते. तो नकार देतो. या कानाची गोष्ट त्या कानाला कळू देऊ नकोस, असं राणी विनवते, तर खोटं न बोलण्याची शपथ आड येते. चोर प्राणाला मुकतो.

ती राणी म्हणजे स्मिता पाटील. तिच्याभोवती होते लालूराम यांच्यासारखे नाचात हयात घालवलेले कलावंत. त्यांचं बोलणं, उभं राहणं, हसणं सगळं उघड्या मैदानातलं : शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं. अशा मंडळींत शहरातली, नुकतीच दूरदर्शनवरून आलेली, विशीच्या उंबरठ्यावरची मुलगी राणी म्हणून उभी केली आहे. तिचं नवखेपण लपत नाही, आणि ते इथे कामालाच येतं. भोवतालचं सगळं जग घट्ट पाय रोवून उभं आहे आणि राणी तेवढी त्यात परकी आहे. राजवाड्याच्या चार भिंतींत वाढलेली बाई अशीच असणार. चोराचं खरेपण पाहून ती आधी चकित होते, मग लोभावते, मग हट्टाला पेटते आणि शेवटी आपली अब्रू वाचवायला त्याचा जीव घेते. लहान मुलांच्या चित्रपटात एवढी गुंतागुंत सहसा कुणी घालत नाही.

याच गोष्टीच्या रंगमंचावरच्या प्रयोगात राणीचं काम फिदाबाई मरकाम करायच्या. नाचातून आलेल्या फिदाबाईंनी ती भूमिका गाजवली, आणि या नाटकाने १९८२ साली एडिंबऱ्याच्या महोत्सवात फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला. फिदाबाईंच्या राणीला लोकनाट्याचा ठसका होता, स्मिताच्या राणीत एक कोंडमारा आहे. दोघींची तुलना श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यासाठी करायची नाही. एकच भूमिका मैदानासाठी कशी बांधायची आणि कॅमेऱ्यासाठी कशी, याचा असा समोरासमोरचा धडा मिळणं दुर्मीळ. झाडीपट्टीतल्या नटांनी, विशेषतः हल्ली नाटकाबरोबरच मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोरही उभं राहणाऱ्या तरुण मुला-मुलींनी, तो घ्यावा असा आहे.

मराठी मातीतले, पण मागे पडलेले

जब्बार पटेल, विजय तेंडुलकर आणि रामदास फुटाणे यांचा ‘सामना’ म्हटलं की निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांची जुगलबंदी आठवते. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या या चित्रपटात स्मिता पाटीलही आहे, हे मात्र सांगावं लागतं. निर्माते असलेल्या फुटाण्यांनी पुढे १९७८ साली स्वतः दिग्दर्शन केलेला ‘सर्वसाक्षी’ तर जवळजवळ विस्मरणातच गेला. खेड्यात येऊन अंधश्रद्धेशी झुंज घेणारा तरुण शिक्षक आणि त्याची बायको, हा त्याचा विषय. करणी-भानामतीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्या जंगलपट्टीतून आजही येतात. महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली केला, ‘सर्वसाक्षी’ त्याच्या पस्तीस वर्षं आधीचा. शाळा-महाविद्यालयांत दाखवून चर्चा घडवावी असा हा चित्रपट आहे, आणि त्यात स्मिता पाटील आहे हे त्याचं जादाचं भाग्य.

‘कोंडुरा’ हा आणखी एक. चिं. त्र्यं. खानोलकरांची कोकणातली कादंबरी बेनेगलांनी आंध्रच्या खेड्यात नेली आणि एकाच वेळी हिंदीत ‘कोंडुरा’ व तेलुगूत ‘अनुग्रहम’ असे दोन चित्रपट केले. अनंत नाग, वाणिश्री आणि स्मिता पाटील दोन्हींत आहेत. हाच दुहेरी प्रकार ‘उंबरठा’च्या वाट्यालाही आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा मराठी ‘उंबरठा’ घरोघर पोचला, पण त्याची हिंदी आवृत्ती ‘सुबह’ मराठी माणसाने क्वचितच पाहिली आहे. दोन्ही एकापाठोपाठ एक पाहिले की सुलभा महाजन हे पात्र दोन भाषांत कसं उभं राहतं ते ध्यानात येतं. मराठीत ती घरातल्या माणसांशी बोलते आहे असं वाटतं. हिंदीत तेच शब्द थोडे सार्वजनिक होतात, जणू ती सभेपुढे उभी आहे. नटाला मातृभाषा काय देते याचा याहून स्पष्ट दाखला शोधून सापडायचा नाही.

परभाषेतली पाहुणी

१९८० साली दोन दिग्दर्शकांनी तिला दोन वेगळ्या भाषांत नेलं. केतन मेहतांचा गुजराती ‘भवनी भवाई’ भवाई या लोकनाट्याच्या घाटात बांधलेला आहे. अस्पृश्यांनी पाठीला झाडू आणि गळ्यात गाडगं बांधून फिरायचं, अशा राज्याची ही गोष्ट. नसीरुद्दीन शाह मूर्ख राजा, ओम पुरी झाडूवाला मालो, आपला मोहन गोखले त्याचा वाढवलेला मुलगा जीवो, आणि स्मिता त्याची प्रेयसी उजान. कथेकरी आधी गोड शेवट सांगतो, मग तो मोडून दुसरा शेवट पुढे येतो. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला यात काही परकं वाटायचं कारण नाही. नटाने मध्येच थांबून लोकांशी बोलणं, राजाची फजिती करून हसवता हसवता जातीवर बोट ठेवणं, हे आपल्या दंडारीतलंच आहे. स्मिता इथे ज्या मोकळेपणाने नाचते, भांडते, लटके दाखवते, तो मोकळेपणा तिच्या प्रसिद्ध, गंभीर भूमिकांत कमी दिसतो.

मृणाल सेन यांच्या बंगाली ‘अकालेर संधाने’मध्ये तर ती स्वतःच आहे. पात्राचं नाव स्मिता, धंदा नटीचा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट करायला एक मंडळी खेड्यात येते, त्या मंडळीतली ही नायिका. चित्रपटातल्या चित्रपटात ती सावित्री नावाच्या दुष्काळग्रस्त बाईचं काम करते. त्याच गावात श्रीला मजुमदार हिने साकारलेली दुर्गा राहते, जी खऱ्या आयुष्यात सावित्रीचेच भोग भोगते आहे. चित्रीकरण चालू असताना नवरा पोर हिसकावून आपटायला उचलतो असा प्रसंग येतो आणि बघ्यांत उभी असलेली दुर्गा किंचाळते. अभिनय कुठे संपतो आणि जगणं कुठे सुरू होतं, हा प्रश्न त्या किंकाळीने उभा केला. आणखी एका प्रसंगात मंडळी छायाचित्रांचा खेळ खेळतात : उपाशी माणसांचे फोटो दाखवून हा कोणत्या साली पडलेला दुष्काळ ते ओळखायचं. १९४३ चा समजावा तो १९७१ चा निघतो. या चित्रपटाला १९८१ साली बर्लिनमध्ये सिल्व्हर बेअर मिळालं. स्मिताच्या वाट्याला त्यात मोठे संवाद नाहीत, पण आपण ज्या माणसांची दुःखं पडद्यावर मांडून नाव मिळवतो त्यांच्यासमोर उभं राहण्याची लाज तिने चेहऱ्यावर आणली आहे. आपलंच नाव घेऊन ही लाज दाखवायला धैर्य लागतं.

१९८३ चा टी. एस. नागाभरण यांचा कन्नड ‘अन्वेषणे’ नुसता नोंदवून पुढे जातो, कारण थांबायचं आहे ते ‘चिदंबरम’पाशी. जी. अरविंदन यांचा हा १९८५ चा मल्याळम चित्रपट, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. केरळच्या डोंगरातल्या सरकारी गोशाळेवर काम करणारा मुनियांडी लग्न करून बायकोला घेऊन येतो. ती शिवकामी म्हणजे स्मिता. आल्या आल्या ती फुलं पाहत राहते, थंड धुकं अंगावर घेते, गवतातून चालते. संवाद अगदी मोजके. साहेब शंकरन आणि शिवकामी जवळ येतात, मुनियांडी गोठ्यात गळफास घेतो आणि शंकरन अपराधाच्या ओझ्याखाली भटकत चिदंबरमच्या देवळापर्यंत जातो. तिथे बाहेर चपला सांभाळणारी बाई मान वर करते : ती शिवकामीच. बोलण्याचा आधार काढून घेतला तरी ही नटी काय करू शकते, ते पाहायचं तर इथे पाहावं. न येणाऱ्या भाषेत काम करताना नट एकतर अवघडतो, नाहीतर शरीराच्या भाषेकडे वळतो. ती शरीराच्या भाषेकडे वळली.

आपल्यापैकी पुष्कळांनी हे परभाषेतले चित्रपट पाहिले ते दूरदर्शनच्या कृपेने. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गावोगाव टीव्ही पोचू लागला आणि रविवारी दुपारी पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट उपशीर्षकांसह दाखवले जात. सगळ्या आळीत एखाद्याच घरी संच असायचा आणि ओटीवर माणसं दाटीवाटीने बसायची. आज हातात मोबाइल असूनही ते पाहणं होत नाही, कारण कुणी समोर आणून ठेवत नाही.

‘सद्गती’ : लाकूड आणि बाई

सत्यजित राय यांनी हिंदीत केलेली दोनच कथाचित्रं : ‘शतरंज के खिलाडी’ आणि ‘सद्गती’. दुसरं १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेलं, जेमतेम ५२ मिनिटांचं, आणि तेही छत्तीसगडात, रायपूरच्या बाजूला चित्रित झालेलं. गोष्ट प्रेमचंदांची. दुखी चांभार (ओम पुरी) मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडित घासीरामकडे (मोहन आगाशे) जातो. पंडित त्याला आधी अंगण झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो आणि मग एक भलाथोरला ओंडका फोडायला सांगतो. तापातून उठलेला, उपाशी दुखी त्यावर घाव घालत राहतो. ओंडका फुटत नाही. दुखी तिथेच मरून पडतो.

लाकूड फोडणं म्हणजे काय असतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. गाठीच्या लाकडावर कुऱ्हाड कशी उसळते, हात कसे झणाणतात, उपाशी पोटी तिसऱ्या-चौथ्या घावानंतर डोळ्यांपुढे अंधारी कशी येते, हे इथल्या बायकांनाही ठाऊक आहे. म्हणून ‘सद्गती’ नागभीड-सिंदेवाहीच्या माणसाने पाहणं आणि मुंबईच्या माणसाने पाहणं यात फरक पडतो.

स्मिता यात दुखीची बायको झुरिया आहे. पूर्वार्धात ती नवऱ्याला काहीतरी खाऊन जा म्हणते, पंडिताला काय द्यायचं याची जुळवाजुळव करते. काम छोटं, दहा-पंधरा मिनिटांचं. पण नवरा गेल्याचं कळल्यावर ती पावसात पंडिताच्या दारी येऊन जो आकांत करते, त्यात तक्रार आहे, जाब आहे आणि आत दडून बसलेल्या माणसाला बाहेर ओढण्याची धडपड आहे. दार उघडत नाही. तिचं रडणं कुठेही सुंदर नाही. आवाज फाटतो, शब्द अर्धवट राहतात. प्रेताजवळ रडणाऱ्या आपल्या बायकांचा आवाज असाच असतो. ‘सद्गती’चं नाव निघालं की राय आणि ओम पुरी यांच्यावर बोललं जातं, झुरियावर दोन वाक्यंही लिहिली जात नाहीत. माझ्या लेखी तिच्या उत्तम कामांच्या पहिल्या पाचांत हे बसतं.

गल्ल्याचे चित्रपट

आता अवघड भाग. १९८२ हे तिचं वळणाचं साल. त्या एकाच वर्षात ‘उंबरठा’, ‘अर्थ’ आणि ‘बाजार’ आले, तसे ‘शक्ती’, ‘नमक हलाल’ आणि ‘बदले की आग’ही आले. पुढच्या चार वर्षांत ‘कयामत’, ‘आज की आवाज’, ‘कसम पैदा करने वाले की’, ‘आनंद और आनंद’, ‘आखिर क्यों?’, ‘गुलामी’ अशी रांग लागली. ‘नमक हलाल’मधल्या गाण्यात पावसात भिजत अमिताभबरोबर नाचणारी स्मिता पाहून तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. आजही त्या गाण्याचा उल्लेख ‘तिची चूक’ असाच होतो.

यांतली काही कामं खरोखरच विचित्र आहेत. बी. सुभाष यांच्या ‘कसम पैदा करने वाले की’ (१९८४) मध्ये मिथुन चक्रवर्तीची दुहेरी भूमिका आहे : बाप आणि मुलगा. स्मिता आधी बापाची बायको आणि मग मुलाची आई. मिथुन तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. तिशीही न गाठलेली नटी स्वतःहून मोठ्या नटाला सुडासाठी वाढवते आहे, आणि तोच मुलगा दुसऱ्या प्रसंगात मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या धर्तीवर भुतांबरोबर नाचतो आहे. याच दिग्दर्शकाच्या ‘डान्स डान्स’मध्ये (१९८७, तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित) ती मिथुनची थोरली बहीण आहे. हिंदी व्यापारी चित्रपटाने बाईचं वय कसं झरझर वाढवलं याचा हा धडधडीत पुरावा. दोष द्यायचा तर त्या रिवाजाला द्यावा. तिने ही कामं टाकल्यासारखी केली नाहीत. सासरी छळ सोसून मुलाला वाढवणारी ती विधवा पडद्यावर आली की भोवतालचा कागदी डोलारा काही क्षण खरा वाटतो.

झाडीपट्टीची नजर इथेच उपयोगी पडते. कुंकू, सौभाग्य, बहीण, लेक असे शब्द शीर्षकात मिरवणारी नाटकं आपल्याकडे शेकड्यांनी होतात. त्यांतल्या नटीला चार तास रडायचं असतं, दोन गाण्यांवर नाचायचं असतं आणि शेवटी पदर खोचून खलनायकासमोर उभं राहायचं असतं. पहाटे चार वाजता, अंगावर घोंगडी घेऊन बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत ती पाणी आणते. तिला कुणी हलकी नटी म्हणत नाही. ‘आखिर क्यों?’मधली निशा, दगा देणाऱ्या नवऱ्याला सोडून लेखणीच्या बळावर उभी राहणारी, हजारो बायकांना ‘उंबरठा’च्या सुलभाहून आधी भेटली. दोघींची वाट एकच आहे : घराचा दरवाजा ओलांडून बाहेर. एक सभ्य चर्चेत शिरली, दुसरी यात्रेतल्या तंबूपर्यंत आणि व्हिडिओच्या खोलीपर्यंत पोचली. ‘अर्थ’मध्ये ज्या दुसऱ्या बाईच्या जागी स्मिता होती, तिची नेमकी उलट बाजू तिने इथे वठवली. हे दोन्ही चित्रपट जोडीने पाहिल्याशिवाय या विषयावर तिने काय सांगितलं ते पुरतं कळत नाही.

तरीही सगळं सारखंच, असं म्हणता येणार नाही. मल्टिस्टारर चित्रपटांत तिला अनेकदा नुसतं उभं करून ठेवलं आहे. ‘बदले की आग’सारख्या गर्दीत ती हरवते. ‘शक्ती’मध्ये दिलीपकुमार-अमिताभ यांच्या संघर्षात तिच्या वाट्याला उरलंसुरलंच आलं, जरी जे आलं ते तिने नेटकं केलं. पूर्ण पाहणं याचा अर्थ पूर्ण गौरव करणं असा नाही. कोणतं काम कुठे उणं पडलं हे सांगता येण्यासाठी आधी ते पाहिलेलं असावं लागतं.

ही एकटीची गोष्ट नाही

मराठी रंगभूमीतून आणि समांतर चित्रपटातून पुढे गेलेल्या जवळजवळ प्रत्येक नटाचा असा दुसरा संसार आहे. निळू फुले ‘सिंहासन’मध्ये पत्रकार दिगू टिपणीस होते, ‘कुली’त (१९८३) अमिताभचे काका आणि ‘सारांश’मध्ये (१९८४) पुढारी गजानन चित्रे. डॉ. लागू ॲटनबरोंच्या ‘गांधी’त गोपाळ कृष्ण गोखले झाले. त्याच चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी रोहिणी हट्टंगडींना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. सत्यदेव दुबे यांच्या तालमीत घडलेले अमरीश पुरी स्पीलबर्गच्या १९८४ च्या ‘टेम्पल ऑफ डूम’मध्ये मोलाराम झाले. या सगळ्यांचं हिंदी, इंग्रजी किंवा व्यापारी काम आपण ‘पोटासाठी केलं’ या एका वाक्यात निकालात काढतो. त्या पैशांवर नाटकं उभी राहिली, संस्था चालल्या हे खरंच. पण तेवढंच खरं नाही. त्या कामातही हुन्नर ओतलेलं होतं आणि लाखो माणसांनी हे नट तिथेच पहिल्यांदा पाहिले.

आता करायचं काय

स्मिता पाटीलच्या बाबतीत एक चांगली गोष्ट २०२४ साली घडली. पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिलेला ‘मंथन’ फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने दुरुस्त केला आणि कान महोत्सवात तो दाखवला गेला. मोठ्या चित्रपटांना असे वाली मिळतात. ‘सर्वसाक्षी’, ‘तीव्र मध्यम’, ‘चरणदास चोर’ यांच्यासाठी मागणी आपण करायला हवी. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच कामासाठी आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, चंद्रपूर, गडचिरोली इथल्या महाविद्यालयांत मराठीचे आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत. गोंडवाना विद्यापीठ आहे. वर्षातून एकदा तीन दिवसांचा कार्यक्रम अवघड नाही : पहिल्या दिवशी ‘चरणदास चोर’ आणि जोडीला स्थानिक दंडार, दुसऱ्या दिवशी ‘सद्गती’ आणि ‘सर्वसाक्षी’, तिसऱ्या दिवशी ‘आखिर क्यों?’ आणि ‘उंबरठा’. प्रत्येक प्रयोगानंतर झाडीपट्टीतल्या नट-नट्यांनी बोलावं. गंभीर आणि गल्ल्याच्या, अभिनयाच्या या दोन्ही बाजू अंगावर घेतलेल्या माणसांचं म्हणणं आजवर कुणी विचारलेलं नाही.

याच्या जोडीला एक काम त्याहून तातडीचं आहे. स्मिताची विसरलेली कामं निदान फितीवर आहेत, शोधली तर सापडतील. झाडीपट्टीच्या नटांचं तेही नाही. कुरखेडा भागातले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाहेरच्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे मान वळवली. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची शेकडो कामं प्रेक्षकांच्या आठवणीत आहेत आणि ते प्रेक्षकही आता थकत चालले आहेत. नाट्यमंडळांनी हंगामात प्रत्येक नाटकाचा एक प्रयोग नीट चित्रित करून ठेवावा, भूमिका आणि कलावंतांची यादी छापावी, आणि ती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जमा करावी. त्यात गाजलेली नाटकं असावीत तशी पडलेलीही असावीत, नायकाचं काम असावं तसं दोन वाक्यांच्या नोकराचंही. उद्या कुणी या मातीतल्या एखाद्या थोर नटाचा आढावा घ्यायला बसला, तर त्याच्या हाती सहा-सात नावांपेक्षा जास्त काही लागलं पाहिजे. ते आज आपल्याच हातात आहे आणि याच हंगामापासून करता येण्याजोगं आहे.